अमेरिकेतल्या फेडरल तुरुंगातून आपला माणूस लवकर सुटावा म्हणून: नातेवाइकांनी काय करायचं, कुठल्या क्रमाने

माझ्या मावसभावाला अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टात पाच वर्षांची शिक्षा झाली, तेव्हापासून साताऱ्याहून मावशीचा दर रविवारी एकच प्रश्न यायचा, "पॅरोल कधी मिळेल रे त्याला?" तिच्या डोळ्यांसमोर येरवडा होतं. संचित रजा, अभिवचन रजा, कुणाची तरी चिठ्ठी, कुणाचा तरी शब्द. तिला कसं सांगायचं तेच मला कळेना, कारण इथे पॅरोल नाहीच. १ नोव्हेंबर १९८७ पासून पुढे घडलेल्या गुन्ह्यांसाठी अमेरिकेच्या फेडरल व्यवस्थेने पॅरोल बंद करून टाकलं आहे. समोर बसून "हा माणूस सुधारला का?" असं विचारणारं मंडळच अस्तित्वात नाही.

लवकर सुटण्याच्या वाटा मात्र आहेत. त्या वेगवेगळ्या कार्यालयांतून जातात आणि प्रत्येकीचा कागद, मुदत, अटी निराळ्या. मी दोन वर्षं यात घालवली. त्यातले पहिले सहा महिने चुकीच्या दारावर डोकं आपटण्यात गेले. आपण भारतीय नातेवाईक आधी गयावया करतो आणि कागद मागाहून शोधतो. इथे उलटं चालतं.

आधी तुरुंग कुणाचा ते पाहा

हे सांगावं लागतं याचं नवल वाटेल, पण मला फोन करणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना आपला माणूस फेडरल तुरुंगात आहे की राज्याच्या, हेच माहीत नसतं. खटल्याचं नाव 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध अमुक' असेल तर तो फेडरल. नावात न्यू जर्सी किंवा टेक्सास असं राज्य असेल, किंवा कॅलिफोर्नियात 'पीपल' असेल, तर राज्याचा. राज्यांचे नियम पूर्णपणे वेगळे आहेत आणि काही राज्यांत पॅरोल आजही आहे. पुढचं सगळं फक्त फेडरलसाठी.

फेडरल तुरुंग चालवणारं खातं म्हणजे ब्युरो ऑफ प्रिझन्स, सगळे त्याला बीओपी म्हणतात. त्याच्या संकेतस्थळावर कैदी शोधायची सोय आहे. नाव टाकलं की आठ आकडी नोंदणी क्रमांक मिळतो, पाच आकडे, आडवी रेघ, मग तीन आकडे. हा क्रमांक पाठ करा. पत्र, पैसे, अर्ज, काहीही या क्रमांकाशिवाय पुढे सरकत नाही.

चार कागद

पहिला, निकालपत्र, म्हणजे 'जजमेंट'. कुठल्या कलमाखाली किती महिने, सुटकेनंतर किती वर्षं देखरेख, किती भरपाई हे सगळं त्यात असतं. फेडरल कोर्टांच्या पेसर या ऑनलाइन व्यवस्थेवर खातं उघडलं की ते मिळतं. पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तीन महिन्यांत एकूण बिल ३० डॉलरच्या आत राहिलं तर तेही माफ. वकिलाच्या कार्यालयाने याच कागदांचे शंभर डॉलर मागितल्याची उदाहरणं मला ठाऊक आहेत, म्हणून आकडे देतोय.

दुसरा, तुरुंगाने काढलेला शिक्षेच्या गणिताचा कागद. हे गणित टेक्सासमधल्या ग्रँड प्रेरी इथल्या केंद्रात होतं. कैद्याने केस मॅनेजरकडे, म्हणजे त्याची फाइल सांभाळणाऱ्या तुरुंगातल्या कर्मचाऱ्याकडे, मागितला की मिळतो. त्यावर अंदाजे सुटकेची तारीख असते. अटकेपासून शिक्षेपर्यंत कोठडीत काढलेले दिवस त्यात धरलेत का, हे बोटांवर मोजून बघा.

तिसरा, 'प्री-सेंटेन्स रिपोर्ट', म्हणजे शिक्षा ठरवण्याआधी प्रोबेशन अधिकाऱ्याने लिहिलेला अहवाल. तब्येत, व्यसनं, घरची माणसं, आधीचे गुन्हे, सगळं यात असतं आणि पुढची सगळी वर्षं तुरुंग यालाच प्रमाण मानतो. हा गोपनीय असतो. कैद्याला तो बराकीत जवळ ठेवता येत नाही, मात्र केस मॅनेजरसमोर बसून वाचता येतो. त्याची प्रत पोस्टाने आत पाठवायच्या भानगडीत पडू नका. त्यात सरकारला इतरांविरुद्ध केलेल्या मदतीचा उल्लेख असू शकतो आणि तो कागद चुकीच्या हातात पडला तर आतल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

चौथा, तुरुंगातली वैद्यकीय कागदपत्रं. तब्येतीचं कारण पुढे करायचं असेल तर ती आजपासून मागायला सुरुवात करा. मिळायला वेळ लागतो.

मग तारीख मोजा

कोर्टात जाण्याआधी हा हिशोब करायचा, कारण पुष्कळदा सगळ्यांत मोठी सूट आधीच हक्काची असते आणि ती नीट लागलेली नसते.

चांगल्या वर्तणुकीची सूट म्हणजे शिक्षेच्या दर वर्षामागे ५४ दिवसांपर्यंत. पाच वर्षांवर २७० दिवस, म्हणजे जवळजवळ नऊ महिने. एक वर्षापेक्षा जास्त शिक्षा असेल तरच ही मिळते. म्हणूनच काही न्यायाधीश 'बारा महिने आणि एक दिवस' अशी शिक्षा सुनावतात. तो जादा दिवस शिक्षा वाढवायला नसतो, कमी करायला असतो. वर्तणुकीचा ठपका आला की हे दिवस जातात. मोबाइल सापडणं हा तिथे सर्वांत गंभीर वर्गातला अपराध मानतात.

इथे एक खास आपल्या लोकांची चूक. आतून फोन आला की आपण प्रेमाने म्हणतो, "थांब, मावशीला पण लाइनवर घेतो." घेऊ नका! तिसऱ्या माणसाला जोडणं नियमाविरुद्ध आहे, फोन रेकॉर्ड होतात, आणि शिक्षा त्याला होते. मावशीचा नंबर त्याच्या मंजूर यादीत घालून घ्यायचा, तो तिला वेगळा फोन करेल.

दुसरी सूट २१ डिसेंबर २०१८ ला झालेल्या फर्स्ट स्टेप कायद्याची. ठरवून दिलेल्या वर्गांत आणि कामांत भाग घेतला की दर ३० दिवसांमागे १० दिवस जमा होतात. पुन्हा गुन्हा करण्याचा धोका मोजायची 'पॅटर्न' नावाची गुणपद्धत आहे. तिच्यात माणूस किमान किंवा कमी धोक्याचा ठरला आणि लागोपाठच्या दोन तपासण्यांत तो धोका वाढला नाही, तर १० चे १५ दिवस होतात. यातले जास्तीत जास्त ३६५ दिवस थेट सुटकेची तारीख अलीकडे आणतात, पण निकालपत्रात सुटकेनंतरची देखरेख लिहिलेली असेल तरच. त्यावरचे दिवस हाफवे हाउस (सुटकेआधी तुरुंगाबाहेर देखरेखीखाली राहायची जागा) किंवा घरकैद लवकर मिळण्याकडे जातात. मध्यम किंवा जास्त धोक्याच्या गटातल्यांचेही दिवस जमतात, मात्र धोका खाली येईपर्यंत किंवा वॉर्डनने, म्हणजे तुरुंगाच्या प्रमुखाने, खास मंजुरी देईपर्यंत वापरता येत नाहीत.

मावसभावाचं उदाहरण मांडतो. ६० महिने. चांगल्या वर्तणुकीचे नऊ वजा केले, उरले ५१. किमान धोक्याचा माणूस, वर्ग चुकवत नाही, तर साधारण सव्वादोन वर्षांत ३६५ दिवस जमतात. ५१ चे ३९ महिने झाले, आणि त्याच्या शेवटचे काही महिने हाफवे हाउसमध्ये किंवा घरी. मावशीला पॅरोलमधून जे हवं होतं, त्यातलं बरंचसं कुणासमोर हात न जोडता मिळालं.

ही सूट सगळ्या गुन्ह्यांना नाही. कायद्यातच लांबलचक यादी आहे. अमली पदार्थाच्या किंवा हिंसक गुन्ह्यात बंदूक वापरल्याचं ९२४(क) कलम त्या यादीत आहे, बहुतेक लैंगिक गुन्हे आहेत. आपल्याकडच्या मंडळींवर सहसा जे खटले होतात, म्हणजे तारमार्गे फसवणूक ('वायर फ्रॉड'), आरोग्यविम्यातली फसवणूक, करचुकवेगिरी, ते त्या यादीत नाहीत. निकालपत्रावरचं कलम आणि यादी शेजारी ठेवून ताडून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

तिसरी वाट व्यसनमुक्तीची. आरडॅप नावाचा ५०० तासांचा निवासी कार्यक्रम पूर्ण केला आणि गुन्हा अहिंसक असला, तर एक वर्षापर्यंत शिक्षा कमी होऊ शकते. ३० महिन्यांपर्यंतच्या शिक्षेला जास्तीत जास्त सहा महिने, ३१ ते ३६ ला नऊ, त्यापुढे बारा. पण व्यसन कागदावर दिसायला हवं, आणि तेही अटकेआधीच्या वर्षभरातलं. इथे आपले लोक मार खातात. प्रोबेशन अधिकाऱ्याने दारूबद्दल विचारलं तेव्हा "छे छे, आमच्या घरात कुणी शिवत नाही" असं आपणच अभिमानाने सांगितलेलं असतं. रोज रात्री अर्धी बाटली संपवणारा माणूस मग त्या अहवालात निर्व्यसनी म्हणून कायमचा बसतो. अजून शिक्षा सुनावली गेली नसेल, तर खरं तेच सांगा. नसलेलं व्यसन उभं करू नका, तो वेगळा गुन्हा होईल.

सेकंड चान्स कायद्याखाली शिक्षेच्या शेवटचे १२ महिन्यांपर्यंत हाफवे हाउस मिळू शकतं, आणि त्याच काळात घरकैद, शिक्षेच्या दहा टक्के किंवा सहा महिने यांतलं जे कमी असेल तेवढी. हे हक्काचं नाही, तुरुंगाच्या मर्जीवर आणि जागेवर आहे. केस मॅनेजरच्या टीमची बैठक साधारण दर सहा महिन्यांनी होते. त्या बैठकीला जाताना आपल्या माणसाच्या हातात तुमचा पत्ता, घरमालकाची संमती, नोकरी देणाऱ्याचं पत्र असू द्या.

दिवस चुकीचे मोजले गेलेत असं वाटलं तर तक्रारीची उतरंड आहे. आधी तोंडी किंवा साध्या अर्जाने, मग वॉर्डनकडे बीपी-९, प्रादेशिक संचालकाकडे बीपी-१०, वॉशिंग्टनला बीपी-११. घटनेपासून २० दिवसांत पहिला अर्ज, नकारानंतर २० दिवसांत दुसरा, मग ३० दिवसांत तिसरा. हे सगळे अर्ज कैद्यानेच करायचे असतात. तुम्ही बाहेरून तारखांची वही ठेवा. आत दिवस एकसारखे जातात आणि मुदती निसटतात.

नागरिक नसेल तर

हा भाग एच-वन-बी, ग्रीन कार्ड, विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांसाठी, आणि तो कडू आहे. माणसावर देशाबाहेर काढण्याचा अंतिम आदेश झाला असेल, तर फर्स्ट स्टेपचे जमलेले दिवस वापरता येत नाहीत. कायद्यातच तसं लिहिलं आहे. फक्त इमिग्रेशन खात्याचा 'डिटेनर' लागला असेल, म्हणजे सुटल्यावर आमच्या ताब्यात द्या एवढीच चिठ्ठी असेल, तर तो अंतिम आदेश नव्हे. हा फरक केस मॅनेजरलासुद्धा समजावून सांगावा लागतो. डिटेनर असलेल्याला हाफवे हाउस सहसा मिळत नाही आणि आरडॅपची सूटही जवळपास हातची जाते. अंतिम आदेशाला संमती देणाऱ्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी इमिग्रेशनचा वेगळा वकील गाठा. फौजदारी वकील कितीही चांगला असो, हे त्याचं काम नव्हे.

उरलेली शिक्षा भारतात भोगण्याची वाटही आहे. परदेशात शिक्षा भोगण्याबाबतच्या आंतर-अमेरिकी करारात भारत सामील झालेला आहे, आणि भारतात त्यासाठी २००३ चा कैदी प्रत्यावर्तन कायदा आहे. अमेरिकेच्या न्याय खात्यात आंतरराष्ट्रीय कैदी हस्तांतरणाचा विभाग आहे. अर्ज कैद्याने तुरुंगातूनच करायचा. कैदी, अमेरिका आणि भारत, तिघांचीही संमती लागते, आणि किमान सहा महिने शिक्षा शिल्लक हवी. ही सुटका नव्हे, जागा बदलणं आहे. शिवाय वेळखाऊ. चार वर्षांखालच्या शिक्षेत मी तरी यावर भिस्त ठेवणार नाही. पण लांब शिक्षा असेल, आई-वडील थकले असतील, तर येरवड्याला दर महिन्याला भेटायला जाता येणं हीही लहान गोष्ट नाही. भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवून ठेवा. दूतावास खटला लढत नाही, मात्र भारताकडची फाइल हलवायला लागतो.

कंपॅशनेट रिलीज

शब्दावरून वाटतं दयेचा अर्ज. तसा तो नाही. अमेरिकेच्या कायदेसंहितेतल्या (यूएससी) १८ यूएससी ३५८२(क)(१)(अ) या कलमाखाली, ज्या न्यायाधीशाने शिक्षा दिली त्याच्याकडेच शिक्षा कमी करण्याची मागणी करायची. न्यायाधीश तीन गोष्टी पाहतो. असामान्य आणि सबळ कारण आहे का, ते शिक्षा आयोगाच्या, म्हणजे फेडरल शिक्षांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, धोरणात बसतं का, आणि गुन्ह्याचं गांभीर्य, समाजाची सुरक्षितता, आतापर्यंत भोगलेला काळ हे सगळं धरून आज सोडणं योग्य ठरेल का. बहुसंख्य अर्ज फेटाळले जातात आणि त्यातले बरेच तिसऱ्या मुद्द्यावर पडतात. कारण खरं असतं, पण माणसाने शिक्षेचा पाव भागही भोगलेला नसतो.

१ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झालेल्या धोरणात कारणं सविस्तर दिली आहेत.

आजारपण: असाध्य रोग, उदाहरणार्थ शरीरभर पसरलेला कर्करोग किंवा पुढच्या टप्प्यातला स्मृतिभ्रंश. किती महिने उरलेत हे डॉक्टरने लिहून द्यायची सक्ती नाही. स्वतःचं स्वतः करता येऊ नये असा गंभीर आजार. लांबणारे किंवा विशेष उपचार तुरुंगात मिळत नसणं.

वय: ६५ पूर्ण, वयामुळे तब्येत खालावलेली, आणि १० वर्षं किंवा शिक्षेचा तीन चतुर्थांश भाग, यांतलं जे कमी ते भोगलेलं.

कुटुंब: लहान मुलाला सांभाळणारी व्यक्ती गेली किंवा अपंग झाली. जोडीदार किंवा आई-वडील पूर्ण परावलंबी झाले आणि दुसरं कुणीच सांभाळायला नाही.

तुरुंगात कर्मचाऱ्यांकडून अत्याचार झाला असेल तर तेही कारण आहे. एवढ्याच तोलाची इतर कारणंही मांडता येतात. फार मोठ्या शिक्षेत मधे कायदा बदलल्याचा मुद्दाही आहे, पण त्यावर कोर्टांमध्ये मतभेद आहेत, तो वकिलावर सोडा.

कुटुंबाच्या कारणात "दुसरं कुणीच नाही" हे सिद्ध करण्यात सगळा जोर जातो. आपली कुटुंबं मोठी. सरकारी वकील विचारतोच, धाकटा भाऊ डॅलसला आहे, बहीण पुण्याला आहे, त्यांचं काय? उत्तर "त्यांना जमत नाही" असं देऊन भागत नाही. बहिणीची स्वतःची डायलिसिसची कागदपत्रं, भावाच्या नोकरीचे तास, देखभाल करणाऱ्या बाईचा महिन्याचा खर्च आणि घरातली मिळकत, हे सगळं जोडायचं. आणि स्पष्टच सांगतो, आजारी आई साताऱ्यात असेल तर हे कारण लंगडं पडतं. सुटल्यावर देखरेखीत असलेल्या माणसाला परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर जाता येत नाही, देशाबाहेर तर दूरच. न्यायाधीश हेच विचारेल. ज्याला तसंही भारतात पाठवणार आहेत त्याची गोष्ट वेगळी. तिथे साताऱ्याचा पत्ता, सांभाळणारा भाऊ आणि गावातला दवाखाना हीच सुटकेनंतरची योजना होते.

वॉर्डनला अर्ज

थेट कोर्टात गेलात तर अर्ज परत येतो. आधी वॉर्डनकडे लेखी मागणी. वॉर्डनला ती मिळाल्यापासून ३० दिवस उलटले, किंवा नकारावरची आतली सगळी अपिलं संपली, की कोर्टाचं दार उघडतं. हे पाऊल नातेवाइकालाही टाकता येतं. बीओपीच्या नियमांत कैद्याच्या वतीने दुसऱ्याने केलेली मागणी तशीच हाताळायची असं स्पष्ट लिहिलं आहे. तरी दोन्हीकडून करा. आतून त्याने द्यायची, बाहेरून तुम्ही पोचपावतीच्या पोस्टाने पाठवायची. मी पहिल्या वेळी ३० दिवस पत्र टाकल्याच्या तारखेपासून मोजले. मोजायचे असतात ते हातात पडल्यापासून. पावतीची हिरवी पट्टी मला तेव्हा कचरा वाटली होती, पुढे तीच कोर्टात पुरावा म्हणून लावली.

त्या अर्जात तीन गोष्टी हव्यातच. कारण काय. सुटल्यावर राहणार कुठे आणि खर्च कसा भागणार. आणि कारण तब्येतीचं असेल तर उपचार कुठे, पैसे कोण देणार. पुढे कोर्टात मांडायचं प्रत्येक कारण आत्ताच लिहा. इथे फक्त मधुमेह लिहून कोर्टात आईचं आजारपण काढलं, तर काही कोर्टं म्हणतात हे वॉर्डनला विचारलंच नव्हतं.

असाध्य रोगाचं निदान झालं असेल तर घाई करण्याचा हक्क कायद्याने तुम्हाला दिला आहे. निदानानंतर ७२ तासांत तुरुंगाने वकिलाला आणि कुटुंबाला कळवायचं, सात दिवसांत भेटीची संधी द्यायची, आणि कुटुंबाने मागणी केली तर १४ दिवसांत तिच्यावर काम पूर्ण करायचं. पहिल्या फोनवरच हे कलम शांतपणे वाचून दाखवा. आवाज चढवून उपयोग नाही.

कोर्टातला अर्ज आणि घरच्यांचं काम

तुम्ही वकील नसाल तर त्याच्या वतीने कोर्टात अर्ज करता येत नाही. मुखत्यारपत्र असलं तरी नाही. एक तर वकील करेल, नाही तर कैदी स्वतःच्या सहीने करेल. तुम्ही मसुदा करून आत पाठवू शकता. वकील सरकारी खर्चाने मिळेलच असं नाही, पण फेडरल पब्लिक डिफेंडरचं, म्हणजे सरकारी खर्चाने बचाव करणाऱ्या वकिलांचं, कार्यालय अशा अर्जांत पुष्कळ ठिकाणी मदत करतं. पहिला फोन तिथे. फॅम ही संस्था कंपॅशनेट रिलीजच्या प्रकरणांना विनामूल्य वकील शोधून देण्याच्या कामात आहे.

मग तुमच्या हातात काय उरतं? माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं तेच: सुटकेनंतरची योजना. आमच्या अर्जात ती चार पानांची होती आणि कायद्याचे मुद्दे तीन पानांचे. घर कुणाचं, खोली कुठली, घरात कोण कोण, घरात बंदूक नाही याची हमी, सगळ्या मोठ्यांची राहण्याला संमती. जवळचं रुग्णालय, डॉक्टरची पहिली तारीख शक्य असल्यास ठरवलेली, विमा कुठला. नोकरी असेल तर पगार आणि मालकाचं पत्र, त्याला गुन्ह्याची कल्पना आहे असं वाक्य त्यात असलेलं. भरपाईची रक्कम बाकी असेल तर महिन्याला किती देणार. प्रोबेशन अधिकारी घर पाहायला येतो. त्या दिवशी पाहुणे बोलावून ठेवू नका.

पत्रं. आमच्याकडे मंडळाच्या लोकांनी हौसेने चाळीस पत्रं जमवली, सगळ्यांत 'मनमिळाऊ, धार्मिक, गणेशोत्सवात पुढे'. वकिलाने त्यातली पाच ठेवली. एक शेजाऱ्याचं होतं, की मी दर मंगळवारी-गुरुवारी त्याला गाडीने डॉक्टरकडे नेईन. असं पत्र चालतं. गुन्हाच घडला नव्हता, त्याला अडकवलं, असं एका जरी पत्रात आलं तरी ते बाहेर काढा. इथे तो वाद नाही, आणि आपल्या माणसाला पश्चात्ताप नाही एवढंच न्यायाधीशाला त्यातून दिसतं. न्यायाधीशाला थेट पत्र, ईमेल, कुणाच्या ओळखीतून निरोप, यातलं काही करू नका. सगळं वकिलामार्फत, अर्जाला जोडून. आपल्या भागातल्या काँग्रेस सदस्याचं कार्यालय तुरुंगाकडे 'अर्जाचं काय झालं' अशी चौकशी मात्र करू शकतं, कैद्याची सही असलेलं संमतीपत्र दिलं की. ओळख चालते ती एवढ्यापुरती.

भारतातून द्यायच्या निवेदनासाठी नोटरी शोधत फिरायची गरज नाही. २८ यूएससी १७४६ या कलमाप्रमाणे, अमेरिकेबाहेर लिहिलेल्या निवेदनाच्या शेवटी 'अमेरिकेच्या कायद्यांखाली, खोट्या साक्षीच्या शिक्षेची जाणीव ठेवून, वरील मजकूर खरा आहे' असं इंग्रजीत जाहीर करून तारीख आणि सही केली की पुरतं. अमेरिकेच्या कायद्यांचा उल्लेख बाहेरच्या देशातून लिहिताना आवश्यक आहे, तो सुटला तर निवेदन लंगडं होतं. मूळ मराठीत असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं प्रमाणपत्र. डॉक्टरच्या दाखल्यात नुसतं 'वृद्धापकाळ व अशक्तपणा' नको. उठता येतं का, अंघोळ, जेवण, शौचाला मदत लागते का, किती तास, कधीपासून, हे हवं. वैद्यकीय कागद कोर्टात मोहोरबंद ठेवण्याची विनंती करा, नाहीतर ते सगळ्या जगाला पेसरवर दिसतात.

निकाल लागायला काही आठवडे ते कित्येक महिने जातात. नकार आला तर अपिलाला १४ दिवस असतात, आणि परिस्थिती बदलली तर नवा अर्जही करता येतो. आमचा पहिला अर्ज फेटाळला गेला होता.

बाकीच्या वाटा, थोडक्यात

खटल्यातच घटनात्मक चूक झाली असेल, वकिलाने वाऱ्यावर सोडलं असेल, तर २२५५ कलम. निकाल अंतिम झाल्यापासून एक वर्षाची मुदत, आणि ती फार कठोरपणे पाळतात. शिक्षा आयोगाने नियम मागे लागू होतील असे सौम्य केले असतील तर ३५८२(क)(२). २०२३ ची ८२१ क्रमांकाची दुरुस्ती अशीच होती, आधीचा कुठलाही गुन्हा नसलेल्या अनेकांना तिचा फायदा झाला. आपल्याकडच्या बहुतेक कैद्यांचा तो पहिलाच गुन्हा असतो. १ नोव्हेंबर २०२३ च्या आधी शिक्षा झाली असेल तर हे आवर्जून तपासा. सरकारला मदत केल्याबद्दल नियम ३५ खाली शिक्षा कमी होते, पण तो अर्ज सरकारी वकीलच करू शकतो, आणि हा विषय फोनवर, ईमेलवर कधीच काढायचा नाही.

राष्ट्राध्यक्षांकडे शिक्षा कमी करण्याचा अर्ज न्याय खात्याच्या पार्डन अॅटर्नीच्या कार्यालयातून जातो. फी नाही, सुनावणी नाही, नकारावर अपील नाही, एक वर्षाने पुन्हा अर्ज करता येतो. ओबामांनी १७१५ जणांच्या शिक्षा कमी केल्या. बायडेन यांनी १२ डिसेंबर २०२४ या एका दिवशी जवळजवळ १५०० जणांच्या, त्यातले बहुतेक आधीच घरकैदेत होते. आकडे मोठे वाटतात, पण फेडरल तुरुंगांत दीड लाखाच्या आसपास माणसं आहेत. अर्ज करून ठेवा आणि विसरून जा. "आमची वर ओळख आहे, माफी काढून देतो" म्हणणारा भेटलाच तर पाकीट खिशातच ठेवा.

पैशांवरून आठवलं. प्रेमापोटी त्याच्या खात्यात दरमहा पाचशे डॉलर भरू नका. भरपाई वसुलीचा हप्ता ठरवताना गेल्या सहा महिन्यांत खात्यात आलेले पैसे पाहतात. आमचा हप्ता त्यामुळेच एकदा चौपट झाला होता. आणि हप्त्याला नकार द्यायचा नाही, हाफवे हाउसच्या वेळी ते आडवं येतं.

आदेश झाला की

न्यायाधीश पुष्कळदा आदेशाला १४ दिवसांपर्यंत स्थगिती देतो, घर तपासायला आणि प्रवास ठरवायला. त्या दिवसांत तुरुंगाच्या केस मॅनेजरला आणि तुमच्या जिल्ह्यातल्या प्रोबेशन कार्यालयाला, दोघांनाही फोन करा. दोघांना एकमेकांनी कळवलं असेल असं धरून चालू नका. निघताना सोबत औषधं किती दिवसांची देणार ते विचारा, पुढची चिठ्ठी आधीच तयार ठेवा. नेहमीच्या मापाचे कपडे नेऊ नका, माणूस बारीक झालेला असतो. मी मावसभावाची जुनी पँट नेली होती, ती पट्ट्यानेही राहिना. सुटल्यापासून ७२ तासांत प्रोबेशन अधिकाऱ्यासमोर हजर व्हायचं असतं. आमची सुटका शुक्रवारी दुपारी झाली, म्हणून आम्ही घरी न जाता आधी त्या कार्यालयात गेलो, आणि मावशीला फोन तिथल्या पार्किंगमधून केला.